गुमास्त्याला हुकूम कोणाचा?

दिवाळीला आठ दिवस उरले, की घरोघर वाण्याच्या यादीची धांदल सुरू होते. हरभऱ्याची डाळ इतकी, रवा इतका, साखर, तूप, वेलदोडे, खसखस. गृहिणी एकेक जिन्नस मोजूनमापून लिहिते आणि सामान घरात आले, की ते यादीबरहुकूम आहे की नाही, हे पारखून घेते. यादीत नसलेली पुडी निघाली, तर ती आल्या पावली परत जाते. पण तीच गृहिणी दुपारी जरा टेकली, फोन हाती घेतला आणि चकलीची भाजणी पाहण्यासाठी तिने एखादे पान उघडले, तर त्या एका पानाबरोबर घरात काय काय आले, कोणाकडून आले आणि जाताना घरातले काय घेऊन गेले, याचा तिला पत्ताही नसतो.

पत्ता नसतो, कारण पान उघडणे म्हणजे नेमके काय, हे आपल्याला कधी कोणी सांगितलेलेच नाही. आज आपण तेच पाहू. विषय यंत्राचा आहे खरा. पण वाचकांनी बिचकून जाऊ नये. यातले गणित त्रैराशिकाच्या पुढे जाणार नाही, आणि व्यवहार तर रोजच्या घरखर्चाचाच आहे.

पान येत नाही, यादी येते

हा दिवाळी अंक आपल्या हाती येतो तो छापून, शिवून, मुखपृष्ठ चढवून. मजकूर, चित्रे, जाहिराती, सारे एकाच गठ्ठ्यात. इंटरनेटवरच्या पानाचे तसे नाही. ते पान आपण ज्यातून पाहतो तो ब्राउझर, मग तो क्रोम असो, सफारी असो, फायरफॉक्स असो की एज, आधी दिलेल्या पत्त्यावरून नुसता एक कागद मागवितो. त्या कागदावर थोडा मजकूर असतो आणि बाकी असते ती यादी. अमुक चित्र अमक्या ठिकाणाहून आणा, अक्षरांचा टाइप तमक्या ठिकाणाहून आणा, पान हलतेबोलते करणारी आज्ञावली तिसरीकडून, जाहिरात चौथीकडून. ब्राउझर ही यादी घेऊन धावत सुटतो. आजच्या साधारण पानासाठी अशा साठ-सत्तर फेऱ्या सहज होतात आणि दोन मेगाबाइटांहून अधिक माल घरात येऊन पडतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते, म्हणून आपल्याला वाटते की ‘पान आले’.

ही यादी लिहिली कोणी? आपण नव्हे; पान बनविणाऱ्याने. आपण फक्त दार उघडले.

पण गंमत अशी, की या शास्त्राच्या अधिकृत दप्तरात ब्राउझरला ‘यूजर एजंट’ असे नाव आहे. यूजर म्हणजे वापरणारा, आणि एजंट म्हणजे त्याचा मुखत्यार. आपल्या पेढीवरच्या भाषेत सांगावयाचे तर ब्राउझर हा आपला गुमास्ता आहे. पान बनविणाऱ्याची यादी ही विनंती आहे. ती पुरती आणावयाची, अर्धी आणावयाची की त्यातल्या काही दुकानांची पायरीच चढावयाची नाही, हे ठरविण्याचा अधिकार धन्याचा. तो हुकूम देण्याची जागा म्हणजे ब्राउझरमधला ‘सेटिंग्ज’ नावाचा कप्पा. दुर्दैवाने पुष्कळ घरांत हा कप्पा कधी उघडलेलाच नसतो. मग गुमास्ता कोणाच्या हुकमाने वागतो, हा प्रश्न उरतोच.

पहिला हुकूम: चित्र आणू नकोस

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत या जाळ्याची योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. त्या काळी पान म्हणजे बव्हंशी मजकूर. चित्र असलेच, तर ते वेगळ्या चौकटीत उघडे. १९९३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन या तरुणाने मजकुराच्या मध्येच चित्र बसविण्याची युक्ती सुचविली, आणि त्याने व एरिक बिना याने मिळून रचलेल्या ‘मोझेक’ या ब्राउझरने ती घरोघर पोहोचविली. पाने सजली, लोक खूश झाले. पण टेलिफोनच्या तारेचे मात्र कंबरडे मोडले.

त्रैराशिक करून पाहा. पन्नास किलोबाइटांचे एक मध्यम चित्र म्हणजे सुमारे चार लाख बिट. सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या तारेवरून ते यावयाला बेचाळीस सेकंद लागत. पानावर अशी पाच चित्रे असली, की साडेतीन मिनिटे गेली. तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकलेला आणि बिलाचा आकडा चढत चाललेला! म्हणून १९९४ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या नेटस्केप ब्राउझरमध्ये एक साधी, पण मोलाची सोय होती: ‘ऑटो लोड इमेजेस’. म्हणजे चित्रे आपोआप आण. त्यापुढची खूण काढली, की चित्राच्या जागी एक इवलासा चौकोन दिसे आणि हवे तेच चित्र बोट दाबून मागविता येई. गुमास्त्याला दिलेल्या आरंभीच्या हुकमांपैकी हा एक. त्यामागे निव्वळ काटकसर होती.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. विद्यार्थ्यांसाठी जी स्वस्त खाती होती, त्यांत फक्त मजकूर दिसे. चित्र औषधालाही नसे. अशा वेळी अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला ‘लिंक्स’ हा केवळ अक्षरे दाखविणारा ब्राउझर कामी येई. त्या पिढीतल्या मुलांना हे सांगावे लागत नसे, की पानातला प्रत्येक जिन्नस कोठून तरी यावा लागतो आणि त्याचे कोणीतरी पैसे मोजतो. तार हळू होती, त्यामुळे येणारी प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसे. तार वेगवान झाली आणि वस्तू दिसेनाशा झाल्या. त्या येण्याचे थांबले मात्र नाही. आजचे दोन मेगाबाइटांचे पान त्या जुन्या तारेवर मागविले असते, तर ते यावयाला जवळजवळ अर्धा तास लागला असता.

मधल्या काळात काटकसरीचे आणखी प्रकार निघाले. साध्या मोबाइलवर चालणारा ‘ऑपेरा मिनी’ २००६ पासून जगभर पसरला. त्यात पान आधी कंपनीच्या यंत्रावर जाई, तेथे त्याची घडी घालून लहान पुडके होई आणि मग ते फोनवर येई. क्रोमनेही अशी सोय ठेवली होती. ती २०२२ साली बंद झाली. या सोयींत पैसे वाचत; परंतु आपली बरीचशी टपाल वाटेत एका मध्यस्थाच्या हातून जाई, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आणि चित्रांचा तो जुना हुकूम? संगणकावरच्या क्रोममध्ये तो अजून आहे. फायरफॉक्सने मात्र २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या तेविसाव्या आवृत्तीत ती खूण नेहमीच्या कप्प्यातून उचलली आणि जाणकारांच्या आतल्या कोठीत ठेवून दिली. कारण असे, की चुकून खूण निघाली म्हणजे भोळ्या माणसाला सारी दुनियाच मोडल्यासारखी दिसे आणि दोष ब्राउझरला लागे. हे म्हणणे खोटे नाही. पण यातून एक वळण पडले, ते ध्यानात घ्यावे. धन्याच्या हातून चूक होईल, म्हणून किल्ल्याच त्याच्या हाती न देण्याचे हे वळण आहे.

न सांगता केलेली खरेदी

काही गुमास्ते सांगितले तेवढेच करतात. काही इतके तत्पर, की धन्याने तोंड उघडण्यापूर्वीच माल आणून ठेवतात. ब्राउझरमध्येही हा गुण आला. आपण पान वाचत असताना त्यातल्या पुढच्या दुव्यावर बोट ठेवाल, असा अंदाज बांधून तो ते पान आधीच मागवून ठेवतो. अंदाज खरा ठरला, तर पान क्षणात हजर. खोटा ठरला, तर आणलेला माल वाया, आणि डेटा मात्र आपल्या खात्यातून वजा.

या तत्परतेची एक कथा ऐकण्यासारखी आहे. २००५ च्या मे महिन्यात गूगलने ‘वेब अ‍ॅक्सिलरेटर’ नावाचे एक जोडयंत्र काढले. ते उघडलेल्या पानावरचे दुवे आपणच आधी उघडून ठेवी. आता पुष्कळ लोक आपल्या नोंदी, याद्या, कामाची टिपणे इंटरनेटवर ठेवीत असत, आणि तेथे प्रत्येक नोंदीशेजारी ‘खोडून टाका’ असा दुवा असे. यंत्राला त्याचा अर्थ काय कळणार? त्याने तोही इमानेइतबारे उघडला आणि लोकांच्या नोंदी भराभर नाहीशा होऊ लागल्या. नुसत्या दुव्याने काही खोडले जाऊ नये, हा या शास्त्राचा नियम त्या पानांच्या कर्त्यांनी पाळलेला नव्हता, हेही तितकेच खरे. पुढे २००८ साली ते यंत्र बंद झाले. पण मागितल्यावाचून आणणे ही नेहमीच सेवा असते असे नाही, हा धडा मागे राहिला.

आज क्रोममध्ये ‘प्रीलोड पेजेस’ या नावाने हा हुकूम देता येतो. त्यात तीन पायऱ्या आहेत: मुळीच आणू नकोस, बेताचे आण, भरपूर आण. ज्या घरात रोजचा डेटा मोजका आहे आणि तो संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाच्या वेळी संपून जातो, तेथे पहिली पायरी धरावी. पान उघडावयाला डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर होईल, तेवढाच.

याच्या उलट बाजूचा एक शहाणा गुण म्हणजे साठवण. एकदा आणलेले चित्र ब्राउझर आपल्या कोठारात ठेवतो आणि पुन्हा लागले, की बाजारात न जाता तेथूनच काढतो. या कोठाराला ‘कॅश’ म्हणतात. पैशांच्या कॅशशी त्याचे नाते एवढेच, की तोही वाचवितो. फोन मंदावला, की लोक उठल्यासुटल्या हे कोठार साफ करतात. जागा अपुरी पडली किंवा एखादे पान जुनेच दिसत राहिले, तर ते ठीक. एरवी भरलेली कोठी रिकामी करून दुसऱ्या दिवशी तेच सामान पुन्हा विकत आणण्यातला हा प्रकार आहे.

पाहुण्यांबरोबर आलेले पाहुणे

येथपर्यंत खर्चाचा हिशेब झाला. यापुढचा हिशेब पैशांचा नाही, म्हणून तो अधिक बारकाईने पाहिला पाहिजे.

या अंकाची पाने उलटताना आपल्याला साबणाची, दागिन्यांची, पेढ्यांची जाहिरात दिसते. ती आपल्याला दिसते. आपण तिला दिसत नाही. आपण ते पान झटकन उलटले की दोनदा पाहिले, हे जाहिरातदाराला कळावयाचा मार्ग नाही. इंटरनेटवरच्या पानात हाच फरक आहे. तेथली जाहिरात तिसऱ्याच दुकानातून मागवावी लागते, आणि मागणी गेली म्हणजे मागणाऱ्याचा पत्ताही गेलाच. माल पाठवावयाचा, तर पत्ता हवाच ना? त्यातच कोणत्या पानावरून मागणी आली, हे सांगण्याचीही जुनी प्रथा आहे. त्या नोंदीला ‘रेफरर’ म्हणतात. १९९६ च्या नियमपुस्तकात तिच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला, तो आजतागायत गळालेलाच आहे. अलीकडे ब्राउझर दुसऱ्या दुकानाला पानाचा पुरता पत्ता न देता फक्त घराचे नाव सांगतात, ही त्यातल्या त्यात सुधारणा.

याच्या जोडीला १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मोंटुली याने ‘कुकी’ काढली. हेतू चांगला होता. दुकानाला गिऱ्हाईक ओळखता यावे, पिशवीत काय घातले ते लक्षात राहावे, म्हणून एक चिठ्ठी गिऱ्हाइकाकडेच ठेवावयाची. पण ही चिठ्ठी आपण ज्या दुकानात गेलो त्याचीच असते असे नाही. पानात एका ठिपक्याएवढे, डोळ्यांना न दिसणारे चित्र तिसऱ्याच कोणाकडून मागविले जाते आणि तोही आपली चिठ्ठी चिकटवून जातो. असा एकच गृहस्थ शेकडो पानांच्या दाराआड बसलेला असला, की आपण सकाळी कोठे गेलो, दुपारी काय वाचले, रात्री कोणत्या दुखण्याची चौकशी केली, याची साखळी त्याच्या वहीत आपोआप जुळते.

“आजोबा, तुम्ही गुडघ्याच्या तेलाचं पान एकदा उघडलंत, आणि आता बातम्यांच्या पानावरसुद्धा तेलच तेल!” असे नात हसून म्हणते, ते यामुळे. तेलाचे हसण्यावारी नेता येईल. पण चौकशी गुडघ्याची न राहता एखाद्या मोठ्या आजाराची असली, कर्जाची असली, किंवा लग्न ठरत असलेल्या मुलीच्या मनातल्या शंकेची असली, तर? घरातल्या जिवाभावाच्या माणसालाही आपण जे सांगितलेले नसते, ते परक्याच्या वहीत गेलेले असते.

अक्षरांचा टाइपही यातून सुटत नाही. मराठी वाचकांना आठवत असेल, की युनिकोड रुळण्यापूर्वी एकेका मराठी वृत्तपत्राचे पान वाचण्यासाठी त्याचा त्याचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. नाहीतर अक्षरांच्या जागी चिन्हांचा भुगा दिसे. आता फॉन्ट पानाबरोबर आपोआप येतो. सोय मोठी, पण तो पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून येतो. जर्मनीतल्या म्युनिकच्या न्यायालयात हा वाद गेला. एका संस्थळाने गूगलकडून फॉन्ट मागविताना वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीवाचून गूगलला पोहोचविला, असे म्हणून न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्या वाचकाला १०० युरो भरपाई देवविली. रक्कम किरकोळ, पण एका अक्षराच्या वळणापायीही आपला पत्ता बाहेर जातो, हे त्यामुळे कोर्टाच्या दप्तरात नमूद झाले.

फार काय, आपले ते काटकसरी कोठारही फितूर होऊ शकते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी २००० साली हे दाखवून दिले. एखाद्या पानाने दुसऱ्या संस्थळावरचे चित्र मागवून पाहावयाचे. ते चुटकीसरशी आले, तर ते कोठारात होते, म्हणजे हा माणूस त्या संस्थळावर जाऊन आला आहे! यावर उपाय म्हणून क्रोमने २०२० साली आणि फायरफॉक्सने २०२१ साली प्रत्येक संस्थळासाठी कोठाराचे वेगळे कप्पे पाडले. त्याने काटकसर थोडी कमी झाली. पण कप्प्यात डोकावणे बंद झाले.

दारावरची पाटी आणि दाराचे कुलूप

‘विक्रेत्यांस आत येण्यास मनाई आहे’ अशी पाटी पुष्कळ इमारतींच्या जिन्यापाशी असते. विक्रेते ती वाचतात आणि वर येतात. ब्राउझरमध्येही अशी एक पाटी होती. ‘डू नॉट ट्रॅक’, म्हणजे ‘माझा माग काढू नका’. फायरफॉक्सने २०११ साली ती लावली, मागोमाग इतरांनी. पण पाटीत विनंतीपलीकडे काही नव्हते. ती पाळण्याचे बंधन कोणावर नव्हते आणि फारशी कोणी ती पाळली नाही. अखेर २०२५ साली फायरफॉक्सने ती उतरविली.

कुलूप ही वेगळी गोष्ट. कुलूप म्हणजे गुमास्त्यालाच हुकूम, की तिसऱ्याची चिठ्ठी घरात घेऊ नकोस. सफारीने मार्च २०२० पासून तिसऱ्याच्या सर्व कुकी आपण होऊन अडविल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून ज्ञात पाळतखोरांच्या कुकी अडविल्या, आणि २०२२ पासून प्रत्येक संस्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवण्याची रीत पाडली. या बरणीतली चिठ्ठी त्या बरणीला दिसत नाही. क्रोमनेही जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, की दोन वर्षांत अशा कुकी हद्दपार होतील. मुदत पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. जुलै २०२४ मध्ये बेत फिरला आणि एप्रिल २०२५ मध्ये कळले, की वेगळी विचारणाही होणार नाही. क्रोममध्ये कुलूप आहे. मात्र ते आपल्यालाच लावावे लागते.

असे का, हे समजावयाला फार खोल जावे लागत नाही. क्रोम गूगलचा, आणि गूगलचे पोट मुख्यतः जाहिरातींवर. सफारी अ‍ॅपलचा, आणि अ‍ॅपलचा मुख्य धंदा फोन विकण्याचा. फायरफॉक्सच्या मोझिला संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पुन्हा गूगलशी झालेल्या शोधयंत्राच्या करारातूनच येतो. यात कोणाला दुष्ट ठरवावयाचे कारण नाही. गूगलचे म्हणणे असे, की कुकी एकाएकी बंद केल्या तर त्यांवर जगणाऱ्या प्रकाशकांचे हाल होतील. ते म्हणणे पोकळ नाही. पण आपण ज्याला आपला गुमास्ता समजतो, त्याचा पगार दुसरेच कोणी देत आहे, हे धन्याला ठाऊक असावे.

कुलूप म्हणजे साव नव्हे

आणखी एका कुलपाविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यात पैसा गुंतलेला आहे. पान येताना ते उघड्या पोस्टकार्डासारखे यावे की बंद पाकिटातून, हाही हुकूम देता येतो. बंद पाकिटाची रीत म्हणजे ‘एचटीटीपीएस’. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘फक्त बंद पाकीटच घे’ अशी सोय दिली. क्रोममध्येही ती आहे. ती अवश्य चालू ठेवावी. रेल्वे स्टेशनावर, उपाहारगृहात, फुकटच्या वाय-फायवर बसणाऱ्यांनी तर नक्कीच.

परंतु पाकीट बंद आहे, याचा अर्थ पत्र पाठविणारा सज्जन आहे असा नव्हे. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबून कित्येकांनी लबाडांच्या पानावर आपल्या खात्याचा आकडा भरला. बंद पाकीट आता लबाडालाही फुकट मिळते. हा गैरसमज इतका पसरला, की क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलपाचे चिन्ह पत्त्याशेजारून काढूनच टाकले. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे एक वाक्य सांगून ठेवावे: कुलूप वाट राखते, माणूस पारखत नाही. माणूस पारखण्यासाठी पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा लागतो.

हुकूम द्यावयाचे ते कोणते?

सेटिंग्जचा कप्पा पाहून छाती दडपते, हे खरे. तेथल्या निम्म्या गोष्टींना हात लावण्याचे कारणही नाही. आपल्या घरापुरते पाच हुकूम पुरेत. कप्प्यात वर शोधण्याची चौकट असते. तीत नाव घातले, की जागा सापडते.

पहिला, तिसऱ्याच्या कुकी अडव. यात नुकसान क्वचितच होते. एखाद्या पानावर खाते उघडेना, तर तेवढ्यापुरती सूट देता येते. दुसरा, सुरक्षित वाटेनेच ये. तिसरा, न मागितलेले आधी आणू नकोस. हा ज्यांचा डेटा मोजका, त्यांच्यासाठी. चौथा, ईमेलमधली बाहेरची चित्रे विचारल्याशिवाय दाखवू नकोस. कारण तो न दिसणारा ठिपका टपालातूनही येतो आणि आपण पत्र केव्हा उघडले, हे पाठविणाऱ्याला कळवितो. पाचवा, संस्थळांना दिलेल्या परवानग्या, म्हणजे कॅमेरा, ठावठिकाणा आणि सूचना, वर्षातून एकदा तपासून पाहावयाच्या. दिवाळीच्या साफसफाईत माळा काढतो, तसा हाही माळा काढावा.

सहावा हुकूम म्हणजे ‘जाहिरातीच आणू नकोस’. त्यासाठी वेगळी जोडयंत्रे मिळतात. याविषयी मात्र मी आग्रह धरणार नाही. वृत्तपत्रांची, मासिकांची पुष्कळ पाने जाहिरातींच्या आधारावर आपल्याला फुकट वाचावयास मिळतात. सर्वांनीच दार लावून घेतले, तर लिहिणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटावी? माझे मत असे, की जाहिरातीला घरात यावयाला हरकत नसावी. तिने घरातली कपाटे उघडून पाहू नयेत, एवढेच. ज्या प्रकाशनाने आपल्यावर पाळत न ठेवता जाहिरात दाखविली, किंवा रास्त वर्गणी मागितली, त्याला सूट द्यावी. हा विवेक यंत्राला येत नाही. तो धन्यानेच करावयाचा असतो.

तसेच, पानातल्या आज्ञावली अजिबात बंद करण्याच्या भरीस पडू नये. ज्या जावास्क्रिप्टमध्ये त्या लिहिलेल्या असतात, ती ब्रेंडन आइक याने १९९५ साली दहा दिवसांत उभी केली आणि आज तिच्यावाचून बँकेचे, तिकिटाचे पानही चालत नाही. हात धुवावा, पण हातच तोडून ठेवू नये.

यातले कोणतेही काम करावयाला इंजिनियर असावे लागत नाही. पाऊण तासाचे काम आहे, आणि घरातल्या कॉलेजकुमाराला हाताशी घेतले, तर वीस मिनिटांचे. मात्र त्याने ते परस्पर उरकू नये. आईने, आजोबांनी शेजारी बसून प्रत्येक खुणेचा अर्थ विचारावा आणि मगच ती लावावी किंवा काढावी. कारण येथे खरा प्रश्न यंत्राचा नसून सवयीचा आहे. ब्राउझरच्या प्रत्येक खुणेची कोणीतरी आधीच एक बाजू ठरवून ठेवलेली असते. आपण काही न ठरविणे म्हणजे त्याचे ठरविणे मान्य करणे. कित्येकदा ते ठीकही असेल. पण ते आपण पाहून मान्य करावे, न पाहता नव्हे. न दिलेला हुकूमही पाळला जातो; फक्त तो दुसऱ्याचा असतो.